बिनतळणाची दिवाळी

“आक्का, हा फोटो आधी खाली घ्यायला लागंल,” सर्जेराव म्हणाला आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानं स्टूल ओढलं.

“थांब. मी घेते.”

“तुमचा हात पुरायचा नाही.”

ते खरं होतं. मी उंचीनं फारच कमी. घरातली सगळी वरची कामं आमचे मालक, कुंदाचे आबा, करायचे, आणि आता भिंतीवर तेच होते, चंदनी हार घालून. सर्जेरावानं फोटो काढून माझ्या हातात दिला. मी तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. भिंतीवर नुसता खिळा उरला.

“खिळा पण बोलतो,” तो म्हणाला. त्यानं पिशवीतून कॅलेंडर काढून तिथं अडकवलं, दोन पावलं मागं सरून बघितलं आणि मान हलवली. मग त्याच पिशवीतून लाल-पिवळ्या कागदाचा आकाशकंदील बाहेर आला.

मी म्हणाले, “हे काय?”

“बाहेर जाऊन गल्लीत बघा. सगळ्यांच्या दारात कंदील, तुमच्याच दारात अंधार. आंधळ्याला पण कळंल, ह्या घरात वर्षाच्या आत कोणीतरी गेलंय.”

सर्जेराव घरं-जागा बघून द्यायचा. कराडात त्या वेळी त्याच्यासारखे पाच-सहा जण होते, पण हा कुंदाच्या आबांच्या डेपोतल्या मित्राचा मुलगा म्हणून मी त्याला धरलं होतं. आबा एस.टी.त मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी, श्रावणात, सकाळचा चहा पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही. पण भटजींनी पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पंचक निघालं. पंचकात माणूस गेला की तो मागं आणखी पाच जणांना नेतो असं आमच्याकडं मानतात. कणकेचे पुतळे करून विधी झाला, तरी गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, तिथं पीठ-मीठ घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ही बातमी फुकट मिळायची.

घर विकायचं मी तेराव्यालाच ठरवलं होतं. माझी कुंदा एकुलती एक. तिला सासरच्यांनी भर पावसात ट्रंकेसकट बाहेर काढलं होतं, त्याला नऊ वर्षं झाली होती. साताऱ्यात ती शिवणकाम करून राहत होती, आणि त्या नऊ वर्षांत तिनं सहा खोल्या बदलल्या होत्या. एकटी बाई म्हणून कोणी फार दिवस ठेवून घ्यायचं नाही. आता ती जिथं शिवत होती, ती पुढं दुकान, मागं खोली अशी जागा मालक विकायला निघाला होता. पहिला हक्क त्यानं कुंदाला दिला होता, पण तुळशीच्या लग्नापर्यंतच. त्यानंतर तो दुसऱ्याला देणार होता. मला दुसरं काही नको होतं. माझ्या पोरीच्या हातून कोणी कधी किल्ली काढून घेणार नाही असं एक दार तिला मिळालं पाहिजे, एवढंच मला पाहिजे होतं.

दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. पहिलं गिऱ्हाईक किराणा दुकानावरूनच परत फिरलं. दुसरं आत आलं, हार घातलेला फोटो बघितला, तारीख विचारली, पाणी अर्धं सोडून उठलं.

“हे तिसरं शेवटचं समजा,” सर्जेराव म्हणाला. “फौजी आहे. रजा संपत आली. पाडव्याच्या मुहूर्तावर घर बघायचं म्हणतोय. मी त्यांना मागच्या रस्त्यानं आणतो, दुकान लागायलाच नको. पण आक्का, घर सणाचं दिसलं पाहिजे.”

“दुखवट्यात कंदील लावू?”

“घर विकायचंय का दुखवटा पाळायचाय?”

मी थोडा वेळ कंदिलाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “लाव.”

त्यानं कंदील लावला. दाराशेजारची आबांच्या नावाची पाटीही उतरवली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. अक्षरं शिकले ती पुढं साताऱ्याला, कुंदाच्या नादानं, साठी ओलांडल्यावर. पण ती पाटी रोज पुसून पुसून कुठलं अक्षर कुठं वळतं ते माझ्या बोटांना पाठ होतं. ती मी तांदळाच्या डब्यामागं ठेवली.

“आता शेवटची गोष्ट,” सर्जेराव म्हणाला आणि पायातल्या चपलेकडं बघायला लागला.

“बोल की.”

“पाडव्याच्या दिवशी दार उघडायला... म्हणजे, कुंकू लावलेली बाई असली तर बरं.”

तो वाईट माणूस नव्हता. बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

“आणि मी कुठं जाऊ?”

“देवळात जाऊन बसा तासभर.”

“माझं घर दुसऱ्यानं दाखवायचं आणि मी देवळात बसायचं? घराचं काय माहीत आहे कुणाला? नळ कधी येतो, कुठली खिडकी पावसात फुगते?” मी म्हणाले. “मी घरातच राहणार. मागं भांडी घासत बसते. कामवाली म्हणून. कामवालीच्या कपाळाकडं कोणी बघत नाही.”

सर्जेरावानं माझ्याकडं बघितलं. “आक्का, तुम्ही माझ्या धंद्यात यायला पाहिजे होतं.”

कुंकू लावलेली बाई म्हणजे शेजारची शैला. ती उंच, गोरी, बोलायला पटाईत. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी डोळ्याला पदर लावून रडली आणि मग विचारलं, “कुठली साडी नेसू?”

पाडव्याला सकाळी उठून मी घर धुऊन काढलं. तीन खोल्या, मागं मोरी, वर गच्ची. आबांनी एकेक खोली करत पंधरा वर्षांत बांधलेलं. स्वयंपाकघरातला ओटा बांधायच्या दिवशी त्यांनी मला गवंड्यासमोर उभं केलं होतं, कोपर वाकवायला लावलं होतं आणि भिंतीवर खडूनं रेघ मारली होती. गवंडी म्हणाला होता, “मालक, लई खाली होतोय, उद्या सून आली तर?” आबा म्हणाले होते, “मला सून यायची नाही. बांध तू.”

तो ओटा मी चिंच लावून घासला. देव उजळले. दारात शैलानं मोठी रांगोळी काढली, तीत एवढे रंग भरले की वरून पाऊल टाकायला जागा उरली नाही.

फराळाचा प्रश्न सगळ्यात सोपा होता. पहिल्या दिवाळीला दुखवट्याच्या घरात तळण होत नाही, कढईत तेल चढत नाही. पण म्हणून घर उपाशी राहत नाही. वसुबारसेपासून गल्लीतून डबे येत होते. कोणाचा चिवडा, कोणाची चकली, समोरच्या मुल्लांच्या सुगराबीनं शंकरपाळ्या पाठवल्या होत्या. फडताळात ठेवायला जागा नव्हती. त्यातून मी मोठ्या ताटात निवडून निवडून काढलं. करंज्या गोल मांडल्या, मध्ये लाडू, बाजूला दोन वाट्यांत चिवडा. ताट असं भरलं की माझं मलाच बरं वाटलं.

शैला आली ती नारायणपेठी नेसून, नथ घालून.

“नथ कशाला?” मी म्हणाले. “घर दाखवायचंय, लग्न नाही लावायचं.”

“पाडवा आहे आक्का. आणि लवकर आटपा हां. माझ्या नवऱ्याला अजून ओवाळायचं राहिलंय, तो मघापासून टोपी घालून बसलाय.”

“मला आक्का म्हणू नको. हौसा म्हण. अगंतुगं कर.”

“माझ्यानं नाही व्हायचं.”

“म्हणून बघ एकदा.”

शैलानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. “हौसा...” ती म्हणाली आणि जीभ चावून माझ्या पाया पडली.

ते आले दुपार उतरताना. मी मोरीवर भांड्यांचा ढीग घेऊन बसले होते. त्यातली निम्मी घासलेलीच होती. मधलं दार उघडं ठेवलं होतं, तिथून सगळं दिसत होतं.

फौजी पोरगा तिशीच्या आतला, केस बारीक कापलेले, पाठ ताठ. नाव उत्तम. त्याच्याबरोबर त्याची आई, अनुसयाबाई. पाटणच्या वरच्या अंगाचं त्यांचं गाव. हिरवं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायात जाड वहाणा. ती रांगोळीला वळसा घालून, भिंतीला हात धरून आत आली. पाटावर बसायच्या आधी तिनं घर एकदा चारी बाजूंनी बघून घेतलं. बाजारात गाय बघतात तसं.

पोरानं भिंती ठोकून बघितल्या, नळ विचारला, लाइट विचारली. सर्जेराव प्रत्येक गोष्टीला “एक नंबर” म्हणत होता. शैला तर मालकीण म्हणून जी सुटली ती थांबेचना. घर किती लाभलं, इथं आल्यापासून कशी भरभराट झाली, “आमचे हे” कसे म्हणतात की ह्या घरासारखी झोप कुठंच लागत नाही.

“मग इकताय कशाला?” अनुसयाबाईनं विचारलं.

शैला म्हणाली, “ह्यांची बदली झाली ना. झोप तिकडंच घ्यावी लागणार आता.”

मी मोरीवर तोंडाला पदर लावला.

मग शैला चहा करायला आत आली. अनुसयाबाई फराळाचं ताट मांडीवर घेऊन दारातून बघत होती. शैलाला तो ओटा मांडीपर्यंतच येत होता. ती कंबरेत वाकून स्टोव्ह पेटवत होती, नथ सावरत होती आणि मध्ये मध्ये पाठीला हात लावत होती.

“ओटा असा बुटका का हो केलाय?” अनुसयाबाई म्हणाली.

शैला म्हणाली, “गवंडी बुटका होता.”

“आणि साखर कुठं ठेवली मी, बाई...” ती फडताळं उघडायला लागली. एक उघडलं, दोन उघडली. शेवटी माझ्याकडं वळली. “अहो आ... हौसा, साखर देता का जरा?”

मी उठले. हात पुसले. ओट्याच्या कोपऱ्यातला डबा काढून तिच्यापुढं ठेवला, हातातल्या धुतलेल्या कपबशा मांडल्या, आणि परत मोरीवर जाऊन बसले. सर्जेरावानं बाहेरच्या खोलीत जोरात खोकून पोराला गच्ची बघायला वर नेलं.

चहा झाल्यावर अनुसयाबाई ताट हातात घेऊन मागं आली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. फराळातलं तिनं काही खाल्लं नव्हतं. नुसती बोटानं करंज्या सारून, एखादी मोडून बघत होती.

“किती वर्सं झाली हितं कामाला?”

“घर बांधलं तेव्हापासून.”

“मालकीण कशी हाय?”

“तोंडानं जरा फटकळ आहे,” मी म्हणाले. “पोटात काही ठेवत नाही.”

“आन मालक?”

“मालक चांगले.”

“दिसलं न्हाईत.”

मी कढई उलटी करून तिचं बूड घासायला घेतलं.

अनुसयाबाई म्हणाली, “माझी सून हितं बालवाडीत लागलीया. तान्हं पोर हाय तिला. मला गाव सोडून याला येत न्हाई, घरचा म्हातारा हातरुणाला खिळलाय आन दावणीला म्हशी. म्हंजे सून आन नातू हितं एकलीच राहणार. पोरगा परवा जायाचा. बर्फात हाय तो, लई वर. सा-सा महिनं पत्र सुदीक येत न्हाई.” ती थांबली. “म्हणून इचारते बाई. तुमास्नी ह्या घराचं न्हाणं-धुणं ठावं हाय. खरं सांगा. हितं कोण गेलंय का?”

ह्या प्रश्नाचं उत्तर सर्जेरावानं मला पढवलं होतं. नाही म्हणायचं आणि हात जोडायचे. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द माझ्या तोंडात होता, आणि त्याच्यामागं कुंदा उभी होती, ट्रंक घेऊन.

तेवढ्यात गच्चीवरून पोराचा आवाज आला. “आई, वर ये की. हितनं संगम दिसतोय.”

“आले रं,” ती म्हणाली, पण उठली नाही. माझ्याकडंच बघत राहिली.

मला वाटलं, आज मी नाही म्हणेन. उद्या हिची सून पीठ आणायला कोपऱ्यावर जाईल आणि तिला पंचक कळेल. मग वर बर्फात त्या पोराला नुसता ताप आला तरी ही बाई तिकडं डोंगरात बसून बोटं मोजेल. एक गेला, चार राहिले. जन्मभर मोजेल.

“गेलंय,” मी म्हणाले. “मालक गेले. श्रावणात. पंचकात गेले.”

तिनं ताट पायरीवर ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली.

“बरं झालं सांगितलंसा,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळात तिच्या वहाणांचा आवाज रस्त्यावर ऐकू आला. गच्ची ती बघायला गेलीच नाही.

सर्जेराव त्यांना पोचवून परत आला तो दारातूनच बोलत आला. “आक्का, तुम्हाला घर विकायचंय का मोडायचंय? ती बाई स्टँडपर्यंत एक अक्षर बोलली नाही. पोरगा विचारतोय, आई काय झालं, तर नुसती मान हलवते. काय सांगितलंत तुम्ही तिला?”

“विचारलं ते सांगितलं.”

“पंचक पण?”

“ते पण.”

तो स्टुलावर बसला. शैलानं नथ काढून हातात घेतली होती. तिचे डोळे भरले होते, पण ती रागावलेली होती. “मी एवढी खोटं बोलले आक्का. देवासारखा सण सोडून. माझ्या नवऱ्याला अजून ओवाळलं नाही मी. आणि तुम्ही एका शब्दात सगळं घालवलंत.”

“खरं आहे,” मी म्हणाले. “तू जा. त्याला ओवाळ.”

ती गेली. दार आपटून गेली.

“कुंदाला काय सांगणार?” सर्जेरावानं विचारलं.

“कुंदाला मी बघते. तू गिऱ्हाईक आण. तुळशीच्या लग्नापर्यंत रोज एक आण. पण दार मी उघडणार, मी आहे तशी. आणि हे काढ वरचं.”

“कंदील?”

“कंदील काढ. कॅलेंडर काढ. फोटो लाव.”

“मग कोणी येणार नाही.”

“आल्याशिवाय कसं राहतंय? घर चांगलं आहे.”

त्यानं कंदील उतरवला, पण जाताना म्हणाला की आता त्याच्याकडं दुसरं कोणी नाही, मी आशा धरू नये. मी आशा धरली नव्हती. मी झाडू धरला होता. तो गेल्यावर दारातली रांगोळी पुसली, पेटीतला फोटो काढून काच पुसली, पाटी जागेवर अडकवली. रडू आलं नाही. उलट पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्या दिवशी सकाळपासून मी घरात कोणी मेलंच नाही असं वागत होते, आणि त्यासाठी घरात ते कधी राहिलेच नाहीत असं करून ठेवलं होतं. त्यांचा फोटो नाही, पाटी नाही, माझ्या मापाच्या ओट्याला गवंड्याचं माप.

भाऊबिजेला सकाळी शैलानं मधल्या भिंतीवर शिऱ्याची वाटी ठेवली आणि न बोलता आत गेली. मी वाटी घेतली. “शैला, साखर कमी पडलीय,” मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. आतून उत्तर आलं, “मग फडताळात शोधा.” राग निम्मा उतरला होता.

वाटी धुऊन मी उंबऱ्यात गहू निवडायला बसले. ऊन वर आलं होतं. गल्लीच्या तोंडाकडून, किराणा दुकानावरूनच, हिरवं नऊवारी येताना दिसलं. अनुसयाबाई एकटीच होती. हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा. ती माझ्यासमोर येऊन थांबली, पाटीकडं बघितलं, आतल्या फोटोकडं बघितलं.

“मालकीणबाई,” ती म्हणाली, “आत येऊ का?”

मी सूप बाजूला ठेवलं. “कधी ओळखलंत?”

“आपल्या घरात कोण कंबरेत वाकून च्या करतं? ती उंच बाई पाठ धरून उभी हुती. आन तुमी साखर द्याला उठलासा, तर तुमचं कोपार बरोब्बर वट्याला टेकलं. वटा कुणाचा हाय ते तवाच कळलं.” ती आत येऊन पाटावर बसली. “आन ती तुमास्नी अहो म्हणत हुती. कामवालीला कोण अहो म्हणतं? आमच्यात तर नवऱ्याला म्हणताना जड जातं.”

मला हसू आलं. “मग तरी मला विचारलंत कोण गेलंय का?”

“ते मला आधीच ठावं हुतं.”

“दुकानात कळलं?”

“दुकानात काल गेलेच न्हाई. तुमच्या ताटात कळलं.” तिनं बोटं पुढं केली. “एक चकली भाजणीची, एक तांदळाची. एका करंजीला कातण फिरवल्यालं, दुसरीला मुरड घातल्याली, तिसरीचं सारण गुळाचं. दोन वाट्यांत दोन चिवडं, एकाला लसूण हाय, एकाला न्हाई. एका बाईच्या हातचं न्हाई हे. आन लोकांच्या घरचा फराळ ताटभर कुणाकडं असतो दिवाळीला? ज्या घरात तळण न्हाई त्याच्याकडं.”

मी कपाळाला हात लावला. कंदील, पाटी, फोटो, खिळा, सगळं आम्ही बघितलं होतं. ताट मीच भरलं होतं आणि माझ्या हातानं सजवलं होतं.

“मग लगेच उठून का नाही गेलात?” मी विचारलं.

“उठणारच हुते. म्हटलं, घर फसवायचं दिसतंय. मग ताट घिऊन तुमच्याजवळ आले, बघावं काय म्हणतासा. तुमी न्हाई म्हणाला असता, तर त्याच पायरीवरनं गेले असते, परत तोंड दावलं नसतं.”

“आणि पंचक?”

“रातभर झोपले न्हाई. सकाळी पोराला सांगितलं. तो हसला. म्हणला, आई, मी जिथं हाय तिथं रोजच पंचक हाय, त्याला भिऊन कुटं जाऊ?” तिनं पदरानं ओठ टिपले. “मग मला आठवलं. माझा सासरा पंचकातच गेला हुता. सगळी म्हणाली, पाच जाणार. वर्सभरात गेली एक म्हस. ती बी म्हातारीच हुती.”

आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिचा आवाज बदलला.

“मी काल इस्टीत बसून एकच गोष्ट मनात घोळवत हुते. धा घरं बघितली आमी कराडात. मोठी, कोरी. फरशा अशा की तोंड दिसावं. कुठल्याच घरात मला कळंना, रातीच्याला माझ्या नातवाला झटका आला तर माझी सून कुणाच्या दारावर थाप मारंल. ते कुणी दाखवत न्हाई. तुमी न दाखवता दावलंसा. सा-सात घरचा फराळ हुता त्या ताटात. ज्या गल्लीतली माणसं एका रांडमुंड बाईच्या घरात एवढं आणून ठेवत्यात, त्या गल्लीत माझी सून एकली न्हाई.”

मी उठून पाणी आणायला गेले. ओट्याशी जरा वेळ उभी राहिले. मग तांब्या भरून आणला.

तिनं पाणी पिऊन तो पितळी डबा माझ्यापुढं सारला. “काल दुखवट्याच्या घरात मोकळ्या हातानं आले. बरं न्हाई वाटलं. ह्या आमच्या घरच्या चकल्या. जरा कडक झाल्यात.”

त्या चकल्या फक्त कडक नव्हत्या. दगड होत्या. मी एक खाऊन दाखवली.

“एक सांगते, आत्ताच,” ती म्हणाली. “मागनं वाईट वाटाया नको. वटा मी उचलून घेणार. सून माझी शेलाटी हाय, त्या तुमच्या शेजारणीएवढी. वाकून वाकून मोडंल.”

माझ्या डोळ्यापुढं खडूची रेघ आली. मी हातातला चकलीचा तुकडा गिळला.

“घ्या की,” मी म्हणाले. “गवंड्यासमोर तिलाच उभी करा. कोपर वाकवून माप घ्यायला सांगा.”

उत्तम त्याच दिवशी सर्जेरावाला भेटून बोलणं पक्कं करून गेला. कागद झाले ते तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. कुंदा साताऱ्याहून आली होती. दुसऱ्याच दिवशी साताऱ्यात तिची जागा तिच्या नावावर झाली. मला न्यायला आली तेव्हा तिनं आपल्या दाराचं कुलूप पर्समध्येच आणलं होतं आणि टेंपोत सामान चढेपर्यंत ती ते दोनदा उघडून, लावून बघत होती. शैला टेंपोमागं उभी राहून मोठ्यानं रडत होती आणि ट्रंक नीट ठेवा म्हणून हमालावर ओरडत होती.

घर ताब्यात घ्यायला अनुसयाबाई सुनेला आणि नातवाला घेऊन आली होती. सून खरंच उंच होती. दारातून येताना तिनं सवयीनं मान वाकवली.

अनुसयाबाईचा पितळी डबा मी चिंच लावून लखलखीत घासून ठेवला होता. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. पण आमच्याकडं त्या वर्षी तळण नव्हतं, आणि शेजाऱ्यांनी दिलेला फराळ पुढं काय द्यायचा. मी डब्यात मूठभर साखर घातली, तिच्यावर घराची किल्ली ठेवली आणि झाकण लावून डबा सुनेच्या हातात दिला.